पतीचा मोबाईल नंबर

दौलताबादच्या डोंगराकडची सीताफळं शहरात उतरली की आमच्या सिडकोतल्या गल्लीला एक गोडसर, किंचित आंबूस वास चिकटून राहतो. पाऊस सरलेला असतो, पण मातीत ओल असते. दुपारी ऊन चटकतं आणि दिवेलागणीला खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. कोपऱ्याकोपऱ्यावर बायका पाट्या मांडून बसतात आणि डोळा उघडलेलं फळ वेगळं, मिटलेलं वेगळं निवडून देतात. यंदाही मी पाटीभर घेतली, तांदळाच्या डब्यात पिकत घातली, आणि हात पुसता पुसता मागच्या वर्षीचे हेच दिवस समोर आले. त्या दिवसांत शकूअक्का आमच्याकडं मुक्कामाला होती.

शकूअक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून मोठी. आमचं माहेर वैजापूरकडचं, शेतीवाडीचं. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, आता निवृत्त आहे. अक्काला सातवीतून काढलं आणि शेंद्र्याच्या बाजूला दिलं. तिच्या सासरची जमीन हलकी, मुरमाड. बाजरी आणि थोडी तूर एवढंच यायचं. मग कारखान्यांसाठी तिथली जमीन गेली आणि त्या मुरमाचे पैसे आले. तो काळ मला स्पष्ट आठवतो. एका लग्नाला मी तिथं गेले होते, तर गावात रोज कुणाच्या तरी नव्या गाडीला हार घातलेला. पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडत होते, सिमेंटची धूळ भाकरीवर बसत होती. माणसं मोठ्यानं बोलायला लागली होती. ज्यांनी आयुष्यात कधी हॉटेलात चहा घेतला नव्हता, ते वेटरला नावानं हाक मारत होते.

अक्काच्या नवऱ्यानं आपल्या वाट्याच्या पैशांतून टेम्पो घेतला. माल घेऊन पुण्याकडं जायला लागला. आधी आठवड्यानं यायचा, मग महिन्यानं, मग सणाला. एका सणाला आलाच नाही. तिकडं त्यानं दुसरं घर मांडल्याचं गावात सगळ्यांना अक्काच्या आधी कळलं होतं. तिनं भांडण केलं नाही, कोर्टात गेली नाही, माहेरीही आली नाही. दिरानं दिलेल्या दोन खोल्यांत ती राहिली, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागली आणि वंदनाला, आपल्या एकुलत्या लेकीला, तिनं वाढवलं. लेक वैजापुरात दिली. कपाळाचं कुंकू तेवढं तिनं ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "सवय हाये. बाकी काय नाय."

पैसा घरात आला की घर उभं राहतं, असं आपण समजतो. मी तरी तसंच समजत आले. पण अक्काचं घर मोडलं ते गरिबीत नाही, बरकतीच्या वर्षात. मुरमाड रान होतं तोवर नवरा त्या रानाला बांधलेला होता. रान गेलं आणि तो मोकळा झाला.

गुडघे गेल्यावर तिनं कॅन्टीन सोडलं. त्याच सुमारास बायकांच्या खात्यात दर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले. अक्काचं नाव पहिल्याच खेपेला लागलं. त्या पैशांचं ती काय करते, हे मी एकदा सहज विचारलं, तर लाजली. ती दर महिन्याला वैजापूरला लेकीकडं जायची, तेवढ्यासाठीच. कधी नातीला फ्रॉक, कधी विहिणीला बांगड्या, कधी बालुशाहीचा पुडा. "हातात कायतरी असलं की लेकीच्या उंबऱ्यात पाय टाकावा वाटतो," म्हणाली. "नायतर विहीण बसा म्हणती, पण बसा म्हणण्यातबी फरक असतो नलू." वंदनाची सासू वाईट बाई नाही. पण मोकळ्या हातानं आलेल्या आईकडं बघणारी नजर आणि पुडा घेऊन आलेल्या आईकडं बघणारी नजर, यांतला फरक लेकीला कळतो, आणि आईलाही.

आमच्या घरात या योजनेवरून वाद व्हायचे. माझे यजमान वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले, हिशेबी आणि सरळ माणूस. सकाळी चहाबरोबर ते फोनवर शेअरचा भाव बघतात. हिरवा आकडा दिसला की बिस्किट जास्तीचं घेतात. "फुकट वाटायचं आणि नळाला पाणी सोडायला पैसा नाही म्हणायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. नळाच्या बाबतीत ते खोटंही नाही. आमच्याकडं पाणी कधी येईल याची वाट बघण्यात अर्धं आयुष्य गेलं. मी त्यांना म्हणायचे, माझी पेन्शनही सरकारच देतं, महागाई वाढली की भत्ताही वाढवतं. ते म्हणायचे, ती तू कमावलीस. मग मी चहा ढवळत बसायचे. अक्कानं पोळ्या लाटल्या त्याची पेन्शन नाही, हे खरं. तिनं एकटीनं एक पोर वाढवली, त्याचीही नाही. फोनमधला आकडा झोपेत हिरवा होतो, त्याला मात्र कुणी फुकट म्हणत नाही. हे सगळं डोक्यात यायचं, पण चहा गार व्हायच्या आत बोलून होण्यासारखं ते नव्हतं.

मागच्या वर्षी सीताफळांच्या दिवसांत नियम निघाला की प्रत्येक बाईनं आपली ओळख नव्यानं पटवून द्यायची. नाहीतर पैसे बंद. गावातल्या सेंटरवर गर्दी फार, रेंज नाही, म्हणून अक्का पिशवी घेऊन आमच्याकडं आली. येताना तिनं पदरात बांधून तूर आणली होती, हिरवी, कोवळी. त्या संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात शेंगा सोलत बसलो. ती खुशीत होती. वंदनाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, महिन्याभरात डोहाळजेवण होतं, आणि आईनं हिरवी साडी आणायची असं ठरलं होतं.

आमच्या चौकात फरजानाचं ऑनलाइन सेंटर आहे. एका खोलीचं, भिंतीला हिरवा रंग, दारात चपलांचा ढीग. फरजाना पस्तिशीची, तोंडानं फटकळ, कामाला चोख. आम्ही गेलो तेव्हा बायकांची रांग रस्त्यावर आली होती. कुणी मांडीवर लेकरू घेतलेलं, कुणी कामावरची सुट्टी टाकून आलेली. आतून मधूनमधून फरजानाचा आवाज यायचा, "सर्वर नै चल रा, थोडं थांबा सगळ्या." बायका थांबायच्या. थांबण्याचा त्यांना सराव होता.

अक्काचा नंबर आला. तिचा आधार, तिचा ओटीपी, सगळं झालं. मग फरजाना म्हणाली, "मावशी, आता पती का आधार नंबर बोलो. आणि त्यांचा मोबाईल जवळ ठेवा, त्याच्यावर ओटीपी येईल."

अक्का म्हणाली, "त्याचा नंबर माझ्याकडं नाय."

"पती हैत ना?"

"हायेत."

"मग फोन लावा की घरी."

अक्कानं पदर सारखा केला. रांगेतली कुजबूज थांबली होती. मी पुढं होऊन हळूच म्हटलं की ते सोबत राहत नाहीत, बरीच वर्षं झाली. फरजानानं स्क्रीनवरून मान वर केली आणि तिचा आवाज उतरला. "वडलांचा चालतो, खाला. वडील हैत?" वडील जाऊन किती काळ लोटला होता. "घटस्फोटाचा कागद?" तो कुठून असणार? अक्कानं ते प्रकरण कधी कागदावर जाऊच दिलं नव्हतं. फरजाना म्हणाली, "मला पुढं जाता येत नै. ती चौकट भरल्याशिवाय बटणच दाबता येत नै, बघा."

आम्ही बघितलं. पांढऱ्या चौकटीत काळी रेघ लुकलुकत होती. वर लिहिलेलं होतं, पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक.

त्याच आठवड्यात मी माझा हयातीचा दाखला दिला होता. पेन्शनवाल्यांना तो दरवर्षी द्यावा लागतो, मी जिवंत आहे म्हणून. आता तोही फोनवर होतो. मी खिडकीशी उभी राहिले, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले, झालं. माझ्या जिवंत असण्याला कुणा पुरुषाच्या फोनची गरज पडली नव्हती. हे मी अक्काला सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात वावरत राहिली. भाकरी थापायची, ओटा दोनदोनदा पुसायची. मी विषय काढला की म्हणायची, "इतक्या वर्षांत मी त्याला पाणी नाय मागितलं, अन् आता आकडा मागू?" मी म्हटलं, सोड, दर महिन्याला तेवढे पैसे मी देत जाईन. मला ते जड नव्हतं आणि मी मनापासून बोलले होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तू देशील गं," ती म्हणाली. "पण मंग मला तुझं तोंड बघावं लागंल. तू काय म्हणणार नाय, मला ठावं हाये. तरीबी बघावं लागंल. सासरच्यांचं बघितलं, दिराचं बघितलं, कॅन्टीनातल्या मुकादमाचं बघितलं. हे पैसे कुणाचं तोंड बघून येत नव्हते. मपले सोताचे म्हणून येत होते."

यजमान बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी हे ऐकलं असावं, कारण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. त्या दिवसापासून फुकट हा शब्द त्यांनी तिच्यासमोर वापरला नाही. मतं बदलली असतील असं मी म्हणणार नाही. पण वापरला नाही.

मग एका दुपारी वंदनाचा फोन आला. आई, कधी येतेस, सासूबाई साडीचा रंग विचारत होत्या. अक्कानं हसून उत्तर दिलं, फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "लाव फोन त्याला. पण तू बोल. मी नाय बोलणार."

दिराकडं जमिनीच्या कागदांत नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स होती. त्याला जोडलेला मोबाईल नंबरही दिरानंच दिला. मी फोन लावला तेव्हा अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पलीकडून बाईचा आवाज आला. मी माझी ओळख सांगितली, शेंद्र्याच्या शकुंतलाबाईंची बहीण. पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "हां, बोला ताई. मी रेखा."

तिचं नाव आम्हाला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ती आमच्या घरात नुसती 'ती' होती. मी काम सांगितलं. ओटीपी हवा आहे, एवढंच, बाकी काही मागणं नाही. मला वाटलं होतं की ती फोन ठेवेल, किंवा नवऱ्याला विचारते म्हणेल. ती म्हणाली, "देते की. त्यात काय. हे सिम माझ्याकडंच असतं. तुम्ही सेंटरवर गेल्यावर फोन करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही फरजानाकडं गेलो. तिनं चौकटीत आकडे भरले, मी रेखाला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. थोड्या वेळानं रेखा म्हणाली, "आला," आणि एकेक आकडा सावकाश वाचायला लागली. शाळेतल्या पोरीनं पाढा म्हणावा तसा, चुकू नये म्हणून. अक्का खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. ज्या बाईच्या नावानं तिनं कधी बोटं मोडली असतील, ती बाई तिच्यासाठी आकडे वाचत होती. फरजानानं बटण दाबलं. गोल चक्र फिरलं. मग स्क्रीनवर लाल ओळ आली.

फरजानानं ती आधी मनात वाचली. "खाला," ती म्हणाली, "या आधारवर पत्नी म्हणून एक नोंद आधीच झालीय."

फोन चालूच होता. त्यातून रेखाचा आवाज आला, बारीक. "ताई, ती माझी. मला वाटलं नव्हतं असं होईल. मी मागच्याच महिन्यात केलं. मी तरी दुसऱ्या कुणाचा नंबर टाकणार?"

मी फोन बंद केला. फरजानानं खुर्ची वळवली आणि समजावून सांगितलं की लग्नाची बाई अक्काच आहे, रेशनकार्डावर नाव असेल, गावचे लोक साक्ष देतील. तक्रार टाकली तर ती नोंद रद्द होईल आणि अक्काची लागेल. वेळ लागेल, पण होईल. ती चांगल्या मनानंच सांगत होती. मलाही ते पटलं. मी अक्काकडं बघितलं.

"तिचं बंद पडंल?" अक्कानं विचारलं.

"हौ. एकच चालतं."

"मंग राहू द्या."

रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. चौकात सीताफळांच्या पाट्यांभोवती गर्दी होती, गाड्या हॉर्न वाजवत होत्या. अचानक म्हणाली, "गावात सगळ्यांना ठावं व्हतं, पण तोंडानं कुणी म्हणलं नाय कधी. सासूनं नाय, दिरानं नाय. माझ्यासमोर तो कामालाच गेलेला असायचा. आज त्या मशीननं म्हणलं." अपमान झाला म्हणावं तर तिच्या आवाजात तसं नव्हतं. सुटका म्हणावी तर तीही नव्हती.

डोहाळजेवणाला ती गेली. कपाटातली, वंदनाच्याच लग्नात आहेरात आलेली हिरवी साडी इस्त्री करून नेली. मीही गेले होते. विहिणीनं साडीची घडी उलगडून बघितली, मग वंदनाकडं बघितलं आणि ती ताटात ठेवली. वंदनानं ती लगेच नेसली. पदर डोक्यावरून घेऊन मिरवली. पंगतीत अक्का वाढायला उठली आणि शेवटपर्यंत बसलीच नाही. त्यानंतर तिचं वैजापूरला जाणं महिन्याचं राहिलं नाही. बाळंतपणाला गेली, बारशाला गेली. मधल्या दिवसांत फोनवर बोलायची. फोनवर हात मोकळे दिसत नाहीत, एवढाच त्याचा फायदा.

मी माझ्या परीनं धडपडले. एका कचेरीत गेले, तिथून दुसऱ्या कचेरीत पाठवलं. एका तरुण अधिकाऱ्यानं आदरानं बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की त्याच्या हातात काही नाही, यादी वरून येते. वर कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की अन्याय झाला तर तो कुणी केला हे शोधावं, त्याला विचारावं. इथं मला कुणी सापडेना. फरजाना चांगली वागली, तो अधिकारी चांगला वागला, रेखानं मागितल्याबरोबर आकडे दिले. सगळे चांगले वागले आणि अक्काचे पैसे बंद पडले. पूर्वी निदान एखादा कारकून तरी असायचा, ज्याच्यापुढं बाईला रडता यायचं, ज्याला शिव्या देता यायच्या. आता एक पांढरी चौकट आहे, आणि तिला ऐकू येत नाही.

थंडी सरत आली असताना अक्का गुडघे दाखवायला पुन्हा आमच्याकडं आली होती. सकाळची वेळ होती. माझ्या फोनवर तोच नंबर आला. रेखा होती. इकडचं तिकडचं विचारून म्हणाली, "ताई, माझेबी पैसे बंद झालेत. दोन हप्ते आले नाहीत. तुम्ही तिकडून काही केलं होतं का?" मी नाही म्हणायच्या आत अक्कानं हात पुढं केला. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला नीट लावला.

"मी शकुंतला बोलतेय."

मी जवळच बसले होते, आवाज ऐकू येत होता.

"मी तक्रार नाय केली, बाई. तुझं बंद पडावं असं माझ्या मनातबी नव्हतं."

"माहीत आहे," रेखा म्हणाली. "तसं नाही विचारलं. मला वाटलं, तुमचं सुरू झालं असंल. झालं असंल तर कसं केलं, ते विचारावं."

"मपलं नाय सुरू झालं."

"मग दोघींचं बी गेलं?"

"व्हय. दोघींचं बी."

कुणीच फोन ठेवत नव्हतं. अक्काची नजर खाली फरशीवर होती. मग तिनं विचारलं, "तो हाये का घरी? त्याला म्हणावं, जाऊन ये कचेरीत एकदा. त्याचा नंबर, त्यालाच सांगतील."

रेखाचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "ते नाहीत इथं. दोन वर्षं होत आली. टेम्पो विकला आणि गेले. कुठं ते माहीत नाही. फोन घरातच टाकून गेले, हा नंबर मीच रिचार्ज करते. पोरांचे दाखले, गॅस, रेशन, सगळं याच नंबराला जोडलंय ना."

अक्कानं डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांचं साठलेलं, त्याच्याबद्दल, त्या टेम्पोबद्दल. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो नंबर बंद नको पडू देऊ, बाई," ती म्हणाली. "पुन्हा कधी लागंल, सांगता येत नाय."